बंदूक आणि भेट एका छपराखाली नको

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

माझे माहेर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आणि सासर सत्तरीत आहे. नवऱ्याची काजूची बागायत आणि लहानसे कुळागर आहे. मारहाण असह्य झाली म्हणून गेल्या शिमग्यानंतर मी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आले. मुलाच्या ताब्याचा दावा कोर्टात सुरू आहे. तोवर एक आड एक शनिवारी सकाळी मुलगा वडिलांकडे जातो आणि रविवारी संध्याकाळी परत येतो. नवऱ्याकडे पीकसंरक्षणासाठी घेतलेली, परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. मागच्या खेपेला मुलगा परत आला आणि जेवता जेवता म्हणाला, "बाबा बंदूक पुसत होते, मला नळीतून बघायला दिलं. आई आली नाही तर आपण दोघे आजोबांकडे जाऊया, असं म्हणाले." त्याचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, वारून तीन वर्षे झाली. त्यानंतर दोन दिवसांनी नवऱ्याचा आवाजी संदेश आला, "पोर तुझ्या हाती लागू देणार नाही, काय ते बघ."

सासूबाई म्हणतात, तो तापट आहे, पण बाप कधी पोटच्या पोराच्या जिवावर उठेल का? वकील म्हणतात, आता बंदुकीचा विषय काढला तर मी मुलाला बापाविरुद्ध भरवते आहे असे कोर्टाला वाटेल, पुढच्या तारखेपर्यंत थांबा. भाऊ म्हणतो, तक्रार केलीस तर तो आणखी पिसाळेल. अमेरिकेतल्या अशा बातम्या मी मोबाइलवर वाचते आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तिकडचे इकडे कशाला आणतेस, असे सगळे मला म्हणतात. पुढचा शनिवार जवळ येतो आहे. मुलाला पाठवू की नको?

— एक आई

उत्तर

प्रिय भगिनी,

येत्या शनिवारी मुलाला त्या घरी मुक्कामाला पाठवू नका. तुमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे आणि ते मी मुद्दाम आधी देते आहे, कारण पुढचे सगळे तपशील वाचून होईपर्यंत तुम्ही पुन्हा सासूबाईंच्या आणि भावाच्या शब्दांपाशी अडकून बसाल. मात्र न पाठवणे गुपचूप करायचे नाही. ते वकिलामार्फत, लेखी आणि दुसरा पर्याय पुढे ठेवून करायचे आहे. ते कसे, ते सांगते.

आधी तुमच्या मनातला घोळ सोडवू. तुमच्या घरातली सगळी माणसे एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत : तो बाप म्हणून चांगला की वाईट? या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला, मला किंवा न्यायाधीशांना शनिवारच्या आत सापडणार नाही, आणि सापडण्याची गरजही नाही. तुमच्यापुढचा प्रश्न त्याहून पुष्कळ लहान आहे. जो माणूस जीव देण्याची आणि सोबत मुलाला नेण्याची भाषा बोलला आहे, त्याच्या घरात चालू स्थितीतली बंदूक असताना तुमचा मुलगा तिथे रात्री झोपावा का? या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते द्यायला बापाच्या मायेची परीक्षा घ्यावी लागत नाही. मुलाने वडिलांना भेटावे, की त्या घरात बंदूक असावी, या दोन गोष्टी कोर्टापुढे आणि नातेवाइकांपुढे बोलताना कायम वेगळ्या ठेवा. तुम्ही भेट तोडायला निघालेल्या नाही. भेट आणि बंदूक एका छपराखाली नको, एवढेच तुमचे म्हणणे आहे.

सासूबाईंचे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते आणि ते मनापासून म्हटलेले असते. पण जगभरात ताब्याच्या भांडणात ज्या मुलांचे बळी गेले, त्यांतल्या अनेक बापांचा मुलांवर राग नव्हता. राग होता तो सोडून गेलेल्या बायकोवर. तिला आयुष्यभर पुरेल अशी जखम करायची तर मुलाइतके हुकमी साधन दुसरे नाही, हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात माणूस स्वतः मरायला निघालेला असतो आणि मुलाला आपलाच एक भाग समजून बरोबर नेतो, त्याच्या मते ते प्रेमच असते. "आपण दोघे आजोबांकडे जाऊया" हे वाक्य या दुसऱ्या प्रकारातले आहे आणि "तुझ्या हाती लागू देणार नाही" हे पहिल्या प्रकारातले. दोन्ही वाक्ये दोन-तीन दिवसांच्या अंतराने, एकाच माणसाच्या तोंडून आली आहेत आणि त्यांतले एक बोलताना बंदूक हातात होती. तो केवळ तापट आहे, असे म्हणून मी यावर पडदा टाकणार नाही.

आता "तिकडचे इकडे कशाला" याविषयी. ज्यांना तसे वाटते त्यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. अमेरिकेत बंदुका इतक्या आहेत, की २०२० पासून तिथल्या १ ते १९ या वयोगटातील मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीच्या गोळीचा क्रमांक पहिला लागतो. आपल्याकडे परवाना मिळवणे कठीण आहे आणि बहुतेक घरांत बंदूक नसते. त्यामुळे ती धास्ती जशीच्या तशी प्रत्येक गोमंतकीय घराला लावणे चूकच ठरेल. पण तुमचे घर त्या बहुतेकांतले नाही. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या भागांत रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून पीक राखण्यासाठी बंदूक बाळगणारी घरे कमी नाहीत, आणि एकदा बंदूक दाराआड आली की देश कुठला याने फारसा फरक पडत नाही. अमेरिकेतल्या अकरा शहरांतील प्रकरणे अभ्यासून संशोधक जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की छळ करणाऱ्या जोडीदाराला बंदूक उपलब्ध असेल तर स्त्रीच्या खुनाचा धोका सुमारे पाचपट होतो. विभक्त होण्याच्या काळात हा धोका वाढतो, हेही त्याच अभ्यासात दिसले. तुम्ही आज नेमक्या त्याच काळात आहात.

बाहेरची दोन प्रकरणे मी थोडी सविस्तर सांगते, कारण दोन्हींतून तुमच्या अर्जात काय लिहायचे ते कळते. पहिले ऑस्ट्रेलियातले आहे. जुलै २०१८ मध्ये सिडनीच्या वेस्ट पेनंट हिल्स या उपनगरात एका बापाने आपल्या १५ वर्षांच्या मुलाला आणि १३ वर्षांच्या मुलीला त्यांच्याच घरात गोळ्या घातल्या आणि नंतर स्वतःचा जीव घेतला. पालकांमध्ये मुलांवरून कौटुंबिक न्यायालयात वाद होऊन गेला होता. बंदुका त्याने चोरून आणल्या नव्हत्या, रीतसर परवानगी घेऊन मिळवल्या होत्या. त्याच्या हिंसाचाराच्या तक्रारींची पूर्वीची नोंद पोलिसांच्या संगणकावर होती, तरी शस्त्रनोंदणी कार्यालयाने त्याला परवानगी दिली. न्यू साउथ वेल्सच्या न्यायिक चौकशीचा अहवाल २०२१ मध्ये आला. त्यात यंत्रणेच्या या चुकांवर बोट ठेवले होते आणि हे मृत्यू टाळता आले असते असा निष्कर्ष होता. एका कचेरीला जे ठाऊक होते ते दुसरीपर्यंत पोहोचले नाही, हे त्या प्रकरणाचे मर्म आहे. तुमच्याही बाबतीत ताब्याचा दावा चालवणाऱ्या न्यायालयाला बंदुकीविषयी माहिती नाही, आणि परवाना देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांना धमकीविषयी माहिती नाही. या दोन कागदांची गाठ घालून देणारे माणूस आज तरी तुमच्याशिवाय दुसरे कोणी नाही.

दुसरे प्रकरण कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचे, २८ फेब्रुवारी २०२२ चे. तिथे बापावर न्यायालयाचा मनाई हुकूम होता, त्याने शस्त्र बाळगू नये असेही त्यात होते, आणि मुलींची भेट देखरेखीखालीच व्हावी अशी अट होती. भेट एका चर्चमध्ये ठरली. देखरेखीला ओळखीतलाच एक गृहस्थ होता. बापाने सुटे भाग जोडून तयार केलेली, नोंद नसलेली बंदूक आणली आणि ९, १० व १३ वर्षांच्या तिन्ही मुलींना, देखरेख करणाऱ्या त्या गृहस्थाला आणि शेवटी स्वतःला संपवले. यावरून हुकूम निरुपयोगी असतात असा अर्थ काढू नका. मी यातून एवढेच घेते, की देखरेखीची भेट मागताना तुमच्या वृद्ध वडिलांना किंवा देवळातल्या ओळखीच्या माणसाला मध्ये बसवण्याची तयारी दाखवू नका. जिथे येणाऱ्याची झडती होऊ शकते आणि पोलीस हाकेच्या अंतरावर असतात, अशीच जागा मागा. न्यायालयाचे आवार ही त्यातली सर्वांत सोयीची.

आपल्याच गोव्यात जानेवारी २०२४ मध्ये कांदोळीच्या एका सर्व्हिस अपार्टमेंटमध्ये चार वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला, तो तुम्हाला आठवत असेल. पतीशी ताब्याचा वाद चालू होता, न्यायालयाने वडिलांना भेटीची मुभा दिली होती, आणि खुनाचा आरोप आईवर आहे. तिथे बंदूक नव्हती आणि आरोपीच्या जागी बाप नव्हता. आरोप सिद्ध करणे किंवा न करणे हे न्यायालयाचे काम, म्हणून मी त्याविषयी याहून जास्त बोलत नाही. पण धोका पुरुषाच्या किंवा बाईच्या जातीत नसतो, तो ताब्याच्या भांडणाने पिळवटून निघालेल्या माणसात आणि त्याच्या हाताशी असलेल्या साधनात असतो, हे ध्यानात ठेवले तर तुमच्या अर्जाची भाषाही बदलेल. "पुरुष असेच असतात" असे एकही वाक्य त्यात येऊ देऊ नका. त्याने काय केले, काय म्हटले, कोणत्या तारखेला म्हटले, एवढेच लिहा.

वकिलांच्या सल्ल्याविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. मुलाला बापाविरुद्ध भरवल्याचा आरोप होईल ही त्यांची भीती अनाठायी नाही, ताब्याच्या दाव्यांत तो आरोप सर्रास होतो. पण त्यावर पुढच्या तारखेपर्यंत गप्प बसणे हा उपाय नाही. उलट, धमकी मिळाल्यानंतर महिनाभर काहीच केले नाही तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील, की इतकी भीती वाटत होती तर मधल्या दोन शनिवारी मुलाला पाठवले कसे? त्यांना हे शांतपणे सांगा आणि तातडीचा अर्ज या आठवड्यात दाखल करायला सांगा. त्यांनी टाळाटाळ केली तर दुसरा वकील बघा. पैशांची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी पुरे.

आता कायद्याचे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या हातात काय काय आहे ते तुम्हाला कोणी नीट सांगितलेले दिसत नाही.

पहिली गोष्ट बंदुकीची. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १७ प्रमाणे परवाना देणारा अधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी, सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता यांसाठी गरज वाटली तर किंवा परवानाधारक शस्त्र बाळगायला अयोग्य आहे असे वाटले तर, परवाना लेखी आदेशाने निलंबित किंवा रद्द करू शकतो. त्याहून उपयोगाचे कलम २२ आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही. एखाद्या माणसाच्या हाती शस्त्र राहू देणे सार्वजनिक शांततेला किंवा सुरक्षिततेला धोक्याचे आहे असे मानायला कारण असेल, तर दंडाधिकारी कारणे नोंदवून त्याच्या घराची झडती घेऊन शस्त्र जप्त करवू शकतात आणि जरूर तितका काळ ते सुरक्षित ताब्यात ठेवू शकतात. ते शस्त्र बाळगण्याचा त्या माणसाला कायदेशीर हक्क असला तरीही हे करता येते, असे त्या कलमातच लिहिले आहे. "परवाना आहे, मग पोलीस काय करणार" असे कोणी म्हणाले तर हे कलम त्याच्यापुढे ठेवा. शिवाय कलम ९ प्रमाणे एकवीस वर्षांखालच्या व्यक्तीच्या हाती शस्त्र असता कामा नये. नेमबाजीच्या प्रशिक्षणाची जी सवलत आहे तीही बारा वर्षांवरील मुलांपुरती. परवाना घेताना शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र द्यावे लागते, हेही २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. आठ वर्षांच्या मुलाला नळीतून बघायला देणारा माणूस त्या हमीला कितपत जागला, हे अधिकारी सांगितल्यावाचून ओळखतील.

दुसरी गोष्ट तुमच्या आणि मुलाच्या संरक्षणाची. गोव्यात कौटुंबिक बाबींना १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे, म्हणून घरगुती हिंसाचाराचा केंद्रीय कायदा इथे लागत नाही असे सांगणारे कोणी भेटले तर त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. २००५ चा हा कायदा गोव्यालाही लागू आहे. अर्ज तुम्ही सध्या राहता तिथल्या दंडाधिकाऱ्यांपुढे करता येतो, म्हणजे वाळपईला खेपा घालायची गरज नाही, फोंड्यात काम होते. पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी असे कायदा सांगतो. कलम २३ खाली, प्रतिज्ञापत्रावरून धोका दिसत असेल तर समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश देता येतो. कलम २१ मध्ये मुलाच्या तात्पुरत्या ताब्याची तरतूद आहे आणि त्यात एक वाक्य असे आहे, की समोरच्या पक्षाची भेट मुलाच्या हिताला बाधक ठरू शकते असे दंडाधिकाऱ्यांचे मत झाले तर त्यांनी ती भेट नाकारलीच पाहिजे. तिथे "नाकारू शकतात" असे लिहिलेले नाही. या कायद्याच्या २००६ च्या नियमांप्रमाणे, दंडाधिकाऱ्यांनी लेखी निर्देश दिल्यास संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्याखाली पीडित स्त्रीच्या मदतीसाठी नेमलेला अधिकारी, पोलिसांच्या मदतीने हिंसाचाराशी संबंधित हत्यार ताब्यात घेऊ शकतो. म्हणून अर्जाच्या शेवटी ज्या मागण्या लिहाल त्यांत बंदूक आणि काडतुसे ताब्यात घ्यावीत ही मागणी स्वतंत्र ओळीत, पहिली लिहा. तुमच्या वकिलांनी नऊ मागण्या लिहून ती आठवी टाकली तर ती आठव्या क्रमांकाच्याच लायकीची ठरेल.

पोलिसांत तक्रारही करा. जिवे मारण्याची धमकी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खालचा गुन्हा आहे. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही, कोणत्याही पोलीस स्थानकात नोंद घ्यावी लागते आणि प्रत मोफत मिळते. नोंद घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. आपल्याकडे २००३ पासून गोवा बालहक्क कायदा आहे, स्वतंत्र बाल न्यायालय आहे, आणि मुलाचा मानसिक छळ हाही त्या कायद्यात बाल अत्याचारच मानला आहे. त्यामुळे मुलाला मरणाची भाषा ऐकवणे हा केवळ नवरा-बायकोतला मामला राहत नाही.

तुमचा भाऊ म्हणतो तो धोका खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेणार नाही. नोटीस हाती पडते तो दिवस सर्वांत नाजूक असतो. म्हणून सगळे काही क्रमावर अवलंबून आहे. बंदूक आधी निघाली पाहिजे आणि भेट बदलण्याची नोटीस नंतर पोहोचली पाहिजे, निदान दोन्ही एकाच दिवशी, पोलिसांच्या हातून व्हावे, अशी विनंती वकिलांनी न्यायाधीशांना तोंडी आणि लेखी करावी. त्या दिवशी आणि पुढच्या चार-आठ दिवसांत तुम्ही व मुलगा नेहमीच्या ठिकाणी सापडणार नाही अशी व्यवस्था करा. मामाच्या किंवा मावशीच्या घरी, जे घर त्याला ठाऊक नाही, तिथे राहा. शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी द्या, की तुमच्याशिवाय आणि अमुक एका व्यक्तीशिवाय मुलाला कोणाच्याही हवाली करू नये. सुटीच्या वेळी फाटकावर "मी त्याचा बाप" म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला शिक्षिका लेखी आदेशावाचून अडवू शकत नाही, हे तिच्या जागी उभे राहून पाहिले म्हणजे कळते. ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक तुमच्या आईच्या फोनमध्येही घालून ठेवा. महिलांसाठीचा १८१ आणि मुलांसाठीचा १०९८ हेही चोवीस तास चालतात.

बंदूक घरातून काढण्याचा एक शांत रस्ताही आहे आणि तुमच्या सासरी तो सगळ्यांच्या परिचयाचा आहे. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस स्थानकात जमा कराव्या लागतात. शेतकरी कुरकुर करतात, डुकरांनी नासधूस केली म्हणून वर्तमानपत्रांत लिहून येते, पण बंदुका जमा होतात आणि त्यात कोणाची अब्रू जात नाही. तुमच्या नवऱ्याचा थोरला भाऊ किंवा ज्याचा शब्द तो मोडत नाही असा कोणी वडीलधारा असेल तर त्याने हीच गोष्ट सांगावी : दावा संपेपर्यंत बंदूक स्थानकात ठेव, पावती घे, राखणीला माणूस लाव. सासूबाईंना मुलाच्या मायेची खात्री आहे ना, मग त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. माझा अंदाज असा, की बोलताना त्या जितक्या निर्धास्त दिसतात तितक्या बंदुकीचे कपाट उघडे राहिलेले बघून राहत नसतील. मात्र हा निरोप तुम्ही स्वतः घेऊन जायचा नाही, फोनवरही नाही. आणि या रस्त्याने काही होते का याची वाट बघत अर्ज लांबवायचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात होऊ द्या.

त्या माणसाविषयीही दोन शब्द. मरणाची भाषा बोलणारा माणूस बहुतेक वेळा आतून मोडलेला असतो. बांबोळीला मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे आणि १४४१६ या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर मोफत बोलता येते. त्याच्या भावाने त्याला तिथवर न्यावे. तुम्ही ती जबाबदारी घेऊ नका. बायकांनी मारणाऱ्या नवऱ्याची शुश्रूषाही करावी असे आपल्याकडे गृहीत धरतात, ते या वेळी चालणार नाही.

मुलाशी कसे वागायचे हे तुम्ही विचारले नाही, पण ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहून ठेवा. त्याला पुन्हा पुन्हा विचारू नका आणि मोबाइलसमोर बसवून त्याच्याकडून ते वदवून घेऊ नका. अशा चित्रफिती न्यायालयात आईच्याच विरुद्ध जातात, कारण मागून येणारा आईचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो. आवाजी संदेश पुसू नका, कोणाला पुढे पाठवू नका, फोनसह वकिलांना दाखवा. मुलाला एवढेच सांगा, की बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, त्या खोलीतून बाहेर यायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे, मग ती कोणाच्याही घरातली असो. बाबा जे म्हणाले त्यात तुझी काही चूक नाही, हे एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगा. मुले न विचारता असली ओझी घेऊन बसतात. बाबा वाईट आहेत असे सांगू नका आणि तिथे काय चालते त्याची बातमी आणायलाही सांगू नका.

शनिवारकडे परत येऊ. ताब्याच्या न्यायालयाचा भेटीचा आदेश अजून लागू आहे, म्हणून तो वकिलांनी ओळ न ओळ वाचल्याशिवाय काही ठरवू नका. अर्ज बुधवार-गुरुवारपर्यंत दाखल व्हावा आणि शुक्रवारी तातडीने सुनावणीला घ्यावा अशी विनंती करा. शुक्रवारी आदेश मिळाला तर प्रश्नच मिटला. नाही मिळाला, तर वकिलांनी समोरच्या वकिलांना लेखी कळवावे, की असा अर्ज दाखल आहे, या कारणामुळे मुक्कामाची भेट तूर्त शक्य नाही, आणि तिच्या बदल्यात न्यायालयाच्या आवारात किंवा दोन्ही वकिलांना मान्य होईल अशा, पोलिसांच्या नजरेतल्या जागी दिवसा दोन तासांची भेट द्यायला आम्ही तयार आहोत. आदेशाचा भंग केल्याचा ठपका यामुळे येऊ शकतो, हे मी लपवत नाही. पण लेखी कारण, दाखल झालेला अर्ज आणि समोर ठेवलेला पर्याय असलेल्या आईचे म्हणणे न्यायाधीश ऐकून घेतात, आणि क्वचित ठपका आलाच तर त्यावर वर दाद मागता येते. मी तुमच्या जागी असते तर तो धोका पत्करला असता.

ज्या देशातल्या बातम्यांनी तुमची झोप उडाली, तिथल्या न्यायालयांनाही हे हळूहळू उमगले आहे. घरगुती हिंसाचारावरून ज्याच्यावर मनाई हुकूम आहे त्याने बंदूक बाळगू नये, हा अमेरिकेचा १९९४ पासूनचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मताने कायम ठेवला. त्याच वर्षी युटा राज्याने ताब्याच्या दाव्यांत हिंसाचाराचा पुरावा आधी तपासण्याविषयी कायदा केला. वडिलांनी २०२३ मध्ये गोळी घालून मारलेल्या सोळा वर्षांच्या ओमच्या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या आईने कित्येक वर्षे न्यायालयांना सावध केले होते.

बंदूक जमा झाल्यावर आणि पावतीची प्रत न्यायालयात दाखल झाल्यावर भेटी पुन्हा सुरू होऊ द्या. आधी दिवसाच्या, देखरेखीखालच्या, आणि डॉक्टरांचे व संरक्षण अधिकाऱ्यांचे मत घेऊन मग पुढच्या. मुलाला बाप हवा असतो, आणि चवथीला आजीच्या घरी जाण्याचा हट्ट तो धरणारच. त्या वेळी नकार देण्याऐवजी न्यायालयाकडून त्या दिवसापुरती, ठरावीक तासांची मुभा मागता येते. ताब्याचा अंतिम निकाल कधी लागेल ते कोणी सांगू शकत नाही. तोवर बंदूक परत मिळावी म्हणून तो अर्ज करील, तेव्हा त्याची सूचना तुम्हाला मिळावी आणि तुमचे म्हणणे ऐकल्यावाचून ती परत देऊ नये, ही विनंती जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतल्या पहिल्याच अर्जात लिहून ठेवा. पोहोच म्हणून आवक शिक्का घ्या. आदेश मिळाल्यावर त्याची एक प्रत तुमच्या पर्समध्ये, एक शाळेत आणि एक फोंड्याच्या पोलीस स्थानकात असू द्या.